करारातील समतोल कसा मोजावा? : मेथ्युएन करार (१७०३) आणि पोर्तुगीज हिंदुस्थानचा करार (१८७८) यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

दोन देशांमधील मुक्त व्यापार करार समतोल आहे किंवा नाही, हा प्रश्न प्रत्येक नव्या कराराच्या वेळी उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा दोन पद्धतींनी दिले जाते. पहिल्या पद्धतीत करारातील कलमांची आणि सवलतींची मोजदाद होते. दुसऱ्या पद्धतीत करारानंतरच्या काही वर्षांतील आयात-निर्यातीचे आकडे मांडून व्यापारतोल कोणाच्या बाजूने झुकला, हे पाहिले जाते. या दोन्ही पद्धती उपयुक्त असल्या तरी अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. करार कागदावर काटेकोर देवाणघेवाणीचा असूनही व्यवहारात एकतर्फी ठरू शकतो. त्याचप्रमाणे दोन राष्ट्रांच्या पातळीवर लाभदायक दिसणारा करार एखाद्या प्रदेशातील विशिष्ट वर्गाच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचतो आणि त्याची नोंद कोणत्याही व्यापारतोलात होत नाही.

या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ इंग्लंड आणि पोर्तुगाल या एकाच जोडीतील दोन करार येथे विचारात घेतले आहेत. पहिला २७ डिसेंबर १७०३ रोजी लिस्बन येथे झालेला मेथ्युएन करार होय. दुसरा २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथेच झालेला, परंतु प्रत्यक्षात हिंदुस्थानातील ब्रिटिश आणि पोर्तुगीज प्रदेशांना लागू असलेला व्यापार व गुन्हेगार-प्रत्यर्पणविषयक करार होय. पहिल्या करारावर अर्थशास्त्राच्या इतिहासात विपुल चर्चा झाली आहे. दुसऱ्याचा संबंध थेट गोवा, सावंतवाडी, कारवार आणि मुंबई या आपल्या परिसराशी असूनही आपल्या अध्यापनात त्याला क्वचितच स्थान मिळते.

मेथ्युएन करार : कलमे आणि संदर्भ

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालमध्ये एरिसेइराचा कौंट लुईस द मेनेझेस याने देशी लोकर उद्योग उभारण्याचा प्रयत्न केला. १६७७ पासून परदेशी कापडाच्या वापरावर निर्बंध घालणारे कायदे करण्यात आले. कोव्हिल्हां, फुंदांव आणि पोर्तालेग्रे या ठिकाणी विणकामाला उत्तेजन देण्यात आले. १६९० मध्ये एरिसेइराचा मृत्यू झाला. त्याच दशकात ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रदेशात सोन्याचे साठे सापडले. परदेशी माल विकत घेण्यासाठी हाती सोने येऊ लागल्यावर देशी उद्योगाला दिलेले संरक्षण राज्यकर्त्यांना पूर्वीइतके निकडीचे वाटेनासे झाले.

याच सुमारास स्पॅनिश वारसायुद्धाला आरंभ झाला होता. मे १७०३ मध्ये पोर्तुगाल इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या आघाडीत सामील झाला. त्यानंतर सात महिन्यांनी जॉन मेथ्युएन आणि आलेग्रेतेचा मार्क्विस यांनी व्यापारी करारावर सह्या केल्या. हा करार विलक्षण आटोपशीर असून त्यात केवळ तीन कलमे आहेत. पहिल्या कलमान्वये पोर्तुगालने इंग्लंडचे लोकरी कापड निर्बंधांपूर्वीच्या रीतीप्रमाणे कायमचे स्वीकारण्याचे मान्य केले. दुसऱ्या कलमान्वये इंग्लंडने पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्यावरील शुल्काच्या दोनतृतीयांशाहून अधिक शुल्क न आकारण्याचे वचन दिले. हे वचन मोडल्यास पोर्तुगालला लोकरी कापडावर पुन्हा बंदी घालण्याचा अधिकार राहील, असेही त्यात नमूद होते. तिसरे कलम दोन महिन्यांच्या आत अनुसमर्थन करण्याविषयीचे होते.

वरवर पाहता एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला मद्य अशी ही सरळ देवाणघेवाण आहे. तथापि या तीन कलमांचा अर्थ लावताना तीन थोर अर्थशास्त्रज्ञांनी तीन भिन्न दिशा धरल्या.

एकच करार, तीन निष्कर्ष

ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात व्यापारी करारांवर स्वतंत्र प्रकरण लिहून त्यात मेथ्युएन कराराचा मजकूर दिला आहे. त्याचा निष्कर्ष आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल. त्याच्या मते हा करार पोर्तुगालच्या फायद्याचा आणि ब्रिटनच्या तोट्याचा होता. ब्रिटनने पोर्तुगीज मद्याला फ्रेंच मद्याच्या तुलनेत प्राधान्य दिले, परंतु पोर्तुगालने ब्रिटिश कापडाला अन्य राष्ट्रांच्या कापडाच्या तुलनेत कोणतेही प्राधान्य दिले नाही. त्याने केवळ बंदी उठवली, असा त्याचा युक्तिवाद होता. लिस्बनहून दर आठवड्याला येणाऱ्या टपाल-जहाजातून ५० हजार पौंडांहून अधिक सोने इंग्लंडमध्ये येते, या तत्कालीन अंदाजाचीही त्याने दखल घेतली. तो अंदाज अतिशयोक्त असावा, असे त्याचे मत होते. शिवाय सोन्याची आवक हीच व्यापाराच्या लाभाची कसोटी मानण्यास त्याचा विरोध होता.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत मांडताना नेमके हेच दोन देश आणि हेच दोन जिन्नस निवडले. त्याच्या उदाहरणात एका वर्षाच्या ठरावीक उत्पादनासाठी पोर्तुगालला मद्याकरिता ८० आणि कापडाकरिता ९० माणसांचे श्रम लागतात. इंग्लंडला मद्याकरिता १२० आणि कापडाकरिता १०० लागतात. पोर्तुगाल दोन्ही जिन्नस कमी श्रमात निर्माण करू शकत असूनही त्याने मद्यावर आणि इंग्लंडने कापडावर लक्ष केंद्रित करणे उभयतांच्या हिताचे आहे, असे त्याने दाखवून दिले. हे उदाहरण आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. मात्र या देवाणघेवाणीमागे युद्ध, नौदलाचे संरक्षण, ब्राझीलचे सोने आणि त्या सोन्यामागील गुलामांचे श्रम होते, हा इतिहास त्या चार आकड्यांत दिसत नाही.

फ्रीडरिश लिस्ट याने १८४१ मध्ये याच कराराकडे उलट बाजूने पाहिले. उगवत्या पोर्तुगीज उद्योगाचा या कराराने घात केला आणि ज्या राष्ट्राचे उद्योग आधीच पुढे गेले आहेत त्यालाच मुक्त व्यापार सोयीचा असतो, असा त्याचा आक्षेप होता. जर्मन उद्योगांना संरक्षण मिळावे या भूमिकेला त्याने पोर्तुगालचा दाखला जोडला.

स्मिथने करारातील शब्द तपासले, रिकार्डोने उत्पादनाचा खर्च तपासला आणि लिस्टने भावी उत्पादनक्षमता तपासली. कसोटी बदलली की निकाल बदलतो. 'करार समतोल आहे का' या प्रश्नापूर्वी 'समतोल कशाच्या आधारे मोजावयाचा' हा प्रश्न सोडवावा लागतो, हा या मतभेदाचा पहिला बोध होय.

पोर्तुगालमधील परिणाम

लिस्टचा आक्षेप पूर्णतः स्वीकारता येत नाही. पोर्तुगीज लोकर उद्योगाची घसरण करारापूर्वीच सुरू झाली होती आणि तिचे एक महत्त्वाचे कारण ब्राझीलचे सोने हे होते. सोने नसते तर इंग्लंडकडून होणारी प्रचंड आयात पोर्तुगालला परवडलीच नसती. १७६० नंतर सोन्याचे उत्पादन घटले, तशी पोर्तुगालला होणारी इंग्लंडची निर्यातही घटली. करार तोच होता. बदलली होती ती पैसे चुकते करण्याची क्षमता.

तरीही कराराचा परिणाम नगण्य होता असे म्हणता येणार नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आयात होणाऱ्या मद्यात पोर्तुगीज मद्याचा वाटा निम्म्याहून पुष्कळ अधिक झाला आणि दोउरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळे पसरले. परंतु मद्याच्या निर्यातीची सूत्रे बव्हंशी ओपोर्तो येथील इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती राहिली. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने १७५६ मध्ये दोउरोच्या मद्यव्यापारासाठी सरकारी सनद असलेली कंपनी स्थापन केली, ती या वर्चस्वाला उत्तर म्हणून. म्हणजे निर्यात वाढली, तरी निर्यातीचा नफा कोणाच्या पदरात पडतो, हा स्वतंत्र प्रश्न होता.

इंग्लंडमध्येही या कराराने एक हितसंबंधी गट निर्माण केला. युट्रेख्टच्या तहानंतर फ्रान्सशी व्यापार खुला करणारी कलमे १७१३ मध्ये इंग्लंडच्या कनिष्ठ सभागृहात १९४ विरुद्ध १८५ मतांनी फेटाळली गेली. पोर्तुगालची बाजारपेठ हातची जाईल ही लोकर उद्योगाची भीती त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक होती. पुढे मात्र ब्रिटनच्या गरजा बदलल्या. १८३१ मध्ये ब्रिटनने सर्व परदेशी मद्यांवरील शुल्क समान केले आणि 'कायमचे' या शब्दाने बांधलेला करार १८३६ मध्ये संपुष्टात आला. कराराचे आयुष्य त्यातील शब्दांपेक्षा बलवान पक्षाच्या गरजेवर अवलंबून राहिले.

१८७८ चा करार : मिठाच्या जाळ्यातील छिद्र

मेथ्युएन करार संपल्यानंतर सुमारे चार दशकांनी हीच दोन राष्ट्रे पुन्हा समोरासमोर आली. या वेळी वाटाघाटीचा विषय होता हिंदुस्थानातील त्यांचे प्रदेश. लिस्बनमधील ब्रिटिश राजदूत रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्रादे कोर्वो यांच्या वाटाघाटींतून हा करार साकारला. १५ जानेवारी १८८० पासून तो बारा वर्षांसाठी अमलात आला.

ब्रिटिश हिंदी सरकारची मुख्य अडचण मिठाची होती. मिठावरील कर हे त्याच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन होते आणि १८७८ मध्ये मुंबई व मद्रास इलाख्यांत हा दर मणामागे अडीच रुपये होता. देशभर मिठाचे दर एकसमान करण्याच्या दिशेने पावले पडत होती आणि त्यामुळेच उत्तरेतील अंतर्गत जकातीची अजस्र कुंपणरेषा १८७९ मध्ये रद्द करता आली. अशा व्यवस्थेत गोव्याच्या मिठागरांतून घाटापलीकडे जाणारे स्वस्त मीठ हे जाळ्यातील छिद्र ठरत होते. या अडचणीवर पूर्वीचा एक तोडगाही उपलब्ध होता. १८१५ च्या करारान्वये फ्रेंच वसाहतींतील मिठाच्या मक्त्याबद्दल ब्रिटिशांनी फ्रान्सला वार्षिक ४ लाख सिक्का रुपये देण्याचे कबूल केले होते.

गोव्याच्या बाबतीतही तोच मार्ग अवलंबण्यात आला. मिठाच्या उत्पादनाचे व विक्रीचे नियंत्रण ब्रिटिश हिंदी सरकारकडे गेले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळावयाचे ठरले. दोन्ही प्रदेशांमधील सीमेवरील जकात रद्द झाली. बाह्य जकात तसेच मीठ, मद्य व अफू यांवरील कर यांत एकसूत्रता आणण्याचे ठरले. मुरगाव बंदरापासून सीमेपर्यंत रेल्वे बांधून ती ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडण्याचे मान्य करण्यात आले. पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचे नवे रुपयेही १८८१ पासून कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले जाऊ लागले. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा करार मुक्त व्यापाराच्या पुढे जाऊन जकात संघाच्या पातळीला पोहोचला होता.

मीठ, माडी आणि रेल्वे

कागदावर दोन्ही पक्षांना काही ना काही मिळाले होते. ब्रिटिशांना मिठाची नाकेबंदी आणि दक्षिण महाराष्ट्र व धारवाड भागासाठी समुद्राकडे जाणारी वाट मिळाली. पोर्तुगीजांना रोख रक्कम, खुली बाजारपेठ आणि रेल्वे मिळाली. तथापि प्रत्येक बाबीचा भार कोणावर पडला, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

मीठ हा गोव्यातील घरोघरच्या वापराचा आणि निर्यातीचा जिन्नस होता. मासळी खारवण्यासाठी, लोणच्यासाठी आणि माडांच्या मुळाशी घालण्यासाठीही मीठ लागे. उत्पादनावर मर्यादा आल्या आणि ब्रिटिश दराचा कर लागू झाला, तेव्हा मिठागरात राबणारा मजूर आणि मीठ विकत घेणारी गृहिणी या दोघांनाही त्याची झळ पोहोचली. भरपाईचे ४ लाख रुपये मात्र सरकारी तिजोरीत जमा होत होते. नुकसान एका वर्गाचे आणि भरपाई दुसऱ्याला, असा हा व्यवहार होता. अबकारी पद्धतीचा परिणामही याच स्वरूपाचा होता. माड काढून माडी व फेणी करणारे रेंदेर आणि माडांचे लहान मालक यांच्यावर नव्या करांचा व परवान्यांचा बोजा पडला.

जकातीचा प्रश्न अधिक मूलभूत होता. समान जकातीचे तत्त्व मान्य केल्यावर जकातीचे दर कोण ठरविणार, हा प्रश्न उरतो. एका बाजूस सुमारे २५ कोटी लोकसंख्येचा हिंदुस्थान आणि दुसऱ्या बाजूस साडेचार लाखांच्या आसपास लोकसंख्येचा गोवा असताना हे दर पणजीत ठरणे शक्य नव्हते. मार्च १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदी सरकारने मीठ, मद्य यांसारखे मोजके अपवाद वगळून सर्वसाधारण आयात शुल्क रद्द केले. या निर्णयामागे मँचेस्टरच्या कापड गिरण्यांचा दीर्घकाळचा दबाव होता. समान जकातीने बांधलेल्या गोव्याला त्या धोरणामागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. निर्णय घेणाऱ्यांत हिंदी जनतेचा प्रतिनिधी नव्हता आणि गोमंतकीयांचाही नव्हता. या दृष्टीने सीमेच्या अलीकडील व पलीकडील रयत एकाच स्थितीत होती.

रेल्वेचा इतिहासही बोलका आहे. मुरगावहून ब्रागांझा घाटातून कॅसल रॉकपर्यंत जाणारा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८८ मध्ये सदर्न मराठा रेल्वेशी जोडला गेला. मार्ग बांधणाऱ्या इंग्रज कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती आणि ४ लाखांची वार्षिक रक्कम या हमीपोटी गुंतविण्यात आली. म्हणजे मिठाच्या मोबदल्यातील पैसा रेल्वेच्या धनकोंकडे वळला. त्याच वेळी सदर्न मराठा रेल्वेचा पुण्याकडे जाणारा मार्गही पूर्ण होत होता. १८९० च्या सुमारास तो लोंढ्याशी जोडला गेल्यावर घाटावरील मालाला मुंबईची वाट खुली झाली. मुरगावला अपेक्षित वाहतूक मिळाली नाही आणि १९०२ मध्ये गोव्यातील रेल्वेचे संचालन सदर्न मराठा रेल्वेकडेच गेले. बंदर गोव्याचे होते. परंतु बंदराकडे माल येणार की नाही, हे ठरविणारे दर आणि रूळ गोव्याबाहेर होते.

१४ जानेवारी १८९२ रोजी कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. सीमेवरील जकात परत आली, वार्षिक रक्कम थांबली, मात्र रेल्वेच्या हमीचे दायित्व कायम राहिले. या काळात गोव्यातून मुंबईकडे होणारे स्थलांतर वाढत गेले. मुंबईतील गोमंतकीयांच्या गावनिहाय कूडांमधून राहणारे खलाशी, आचारी आणि वादक घरी जे पैसे पाठवीत, त्यांवर गोव्यातील अनेक कुटुंबे पुढे दीर्घकाळ चालली. या स्थलांतराची सर्व कारणे करारात शोधणे अतिशयोक्तीचे होईल. ते करारापूर्वीही सुरू होते. परंतु उपजीविकेची जुनी साधने आखडली आणि बाहेर जाण्याची वाट सुलभ झाली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे नाकारता येत नाही.

न्याय्य बाजूचाही विचार आवश्यक आहे. सीमेवरील जाचक तपासणी बारा वर्षे थांबली. बाजारपेठ खुली झाली. मुरगावचे बंदर आणि घाटातील रेल्वे ही कायमस्वरूपी मालमत्ता निर्माण झाली व विसाव्या शतकात खनिज निर्यातीसाठी ती उपयोगी पडली. म्हणून हा करार केवळ लुटीचा दस्तऐवज होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दोष व्यापार खुला करण्यात नव्हता. खुल्या व्यापाराचे नियम बदलण्याची सत्ता एकाच पक्षाकडे राहिली, हा त्यातील मुख्य दोष होता.

समतोलाचे निकष

उपरोक्त दोन करारांच्या विवेचनातून समतोल तपासण्यासाठी चार प्रश्न निष्पन्न होतात. पहिला, प्रत्येक पक्षाने काय सोडले? पोर्तुगालने १७०३ मध्ये भावी उद्योगाचे संरक्षण सोडले, तर इंग्लंडने शुल्काचा काही भाग सोडला. या दोन त्यागांचे स्वरूप सारखे नाही. दुसरा, करारानंतर नियम बदलण्याची सत्ता कोणाकडे उरली? तिसरा, प्रत्येक देशात लाभ कोणत्या वर्गाला आणि भार कोणत्या वर्गाला, आणि भरपाई भार सोसणाऱ्यापर्यंत पोहोचते काय? चौथा, करार संपल्यास कोणाचे दायित्व शिल्लक राहते?

या निकषांवर पाहता समान वागणूक म्हणजे समतोल नव्हे, हेही स्पष्ट होते. २८ डिसेंबर १९९८ रोजी झालेल्या आणि १ मार्च २००० पासून अमलात आलेल्या भारत-श्रीलंका मुक्त व्यापार कराराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्यात भारताने शुल्क हटविण्यासाठी तीन वर्षांची, तर श्रीलंकेने आठ वर्षांची मुदत घेतली. सवलतीतून वगळलेल्या वस्तूंच्या यादीत भारताच्या ४२९ आणि श्रीलंकेच्या १,१८० वस्तू होत्या. कागदावर ही विषमता आहे; परंतु आकाराने लहान असलेल्या अर्थव्यवस्थेला सावरण्यास अवधी देणारी ही विषमता समतोलाकडे नेणारी आहे. गोव्याला १८८० मध्ये असा अवधी मिळाला नव्हता.

समारोप

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांनी सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर सह्या केल्या. भारतीय कापड व तयार वस्त्रांना ब्रिटनमध्ये शुल्कमुक्त प्रवेश आणि स्कॉच व्हिस्कीवरील भारतीय शुल्कात १५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत कपात, या त्यातील बहुचर्चित तरतुदी आहेत. कापड आणि मद्य हे जिन्नस तीन शतकांनंतर पुन्हा समोरासमोर आले असून या वेळी कापड भारताकडून आणि मद्य ब्रिटनकडून जाणार आहे. आजचा भारत १८८० चा गोवा नाही. करार करण्याचे आणि मोडण्याचे सार्वभौमत्व त्याच्याकडे आहे. म्हणूनच या कराराचे मूल्यमापन निर्यातीच्या एकूण आकड्यापाशी थांबता कामा नये. तिरुपूरच्या यंत्रमालकाबरोबर तेथील शिलाई कामगाराला काय मिळते, आणि आयात वाढल्यास ज्याचा धंदा आखडेल त्याच्यासाठी कोणती तरतूद आहे, हे विचारले गेले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या अध्यापनात रिकार्डोचे ८०, ९०, १०० आणि १२० हे आकडे यापुढेही शिकविले जातील व ते शिकविले गेलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला १८८० नंतरच्या गोव्यातील मिठागराचे आणि माडाचे उदाहरण ठेवल्यास विद्यार्थ्यांना सिद्धांताची ताकद आणि मर्यादा एकाच वेळी उमगेल. त्या करारात दोन सरकारांचा हिशेब जुळला होता. मीठ पिकविणाऱ्याचा हिशेब मात्र त्यात मांडलाच गेला नव्हता.